जिभेला हाताची साथ



तीन वर्षांपूर्वी पर्युषण आटोपल्यावर क्षमापनेच्या निमित्ताने आम्ही काही नातलग किल्लारीला मामांकडे गेलो होतो. मामा म्हणजे माझ्या आईचे आतेभाऊ. जुन्या किल्लारीत त्यांचे किराणा-भुसाराचे दुकान होते. आता ते पुनर्वसित गावात मुलाजवळ राहतात. जेवणे झाल्यावर माझ्या भाच्याने आग्रह धरला, “मामाजी, त्या रात्रीचं एकदा सगळं सांगा, आम्ही जपून ठेवतो.” मामा नको नको म्हणत तयार झाले. भाच्याने मोबाइल चौरंगावर ठेवला आणि पाऊण तास त्यांचा आवाज मुद्रित करून घेतला.

लातूरला परतल्यावर ते मुद्रण आम्ही घरातल्या सर्वांना ऐकवले. आवाज स्वच्छ होता, एकही शब्द सुटला नव्हता. तरीही ज्यांनी ते प्रत्यक्ष ऐकले नव्हते त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसू लागला. मामा सांगत होते, “भिंत अशी आली बघ. मी असा वळलो. एवढं जाड लाकूड, ते इथून असं सरकलं.” माझ्या सुनेने विचारले, “अशी म्हणजे कशी? एवढं म्हणजे केवढं?” मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि माझ्या लक्षात आले, की मी उत्तर हातांनी देते आहे. मामांची निम्मी हकीकत त्यांच्या हातांत होती, आणि ती आम्ही किल्लारीतच ठेवून आलो होतो.

त्या रात्रीचा तपशील मराठवाड्याला नव्याने सांगायला नको. परंतु तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ ते ६.४ अशी नोंदली गेली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. या भागातील घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, वर लाकडी सरे आणि त्यांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच छप्पर त्या पहाटे माणसांवर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. आदल्या वर्षी, १९९२च्या ऑगस्टपासूनच गावाला लहान लहान धक्के बसत होते आणि लोकांना त्यांची सवय झाली होती, हेही मामा प्रत्येक वेळी आवर्जून सांगतात.

आज या घटनेला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ज्यांनी ती पहाट जाणत्या वयात पाहिली ते आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या आठवणी घरोघरी मोबाइलवर मुद्रित होत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या मुद्रणात काय येते आणि काय निसटते, याचा विचार मला त्या दिवसापासून स्वस्थ बसू देईना. म्हणून या खेपेला हाच विषय घेतला आहे: माणूस गोष्ट सांगतो तेव्हा त्याची जीभ आणि त्याचे हात एकमेकांना कशी साथ देतात?

प्रथम आपल्या भाषेकडेच पाहू. ‘असा’, ‘एवढा’, ‘इथून’, ‘इकडे’ हे शब्द एका अर्थाने रिकामी भांडी आहेत. ती भरण्याचे काम हात करतो. “पोर एवढं होतं” असे म्हणताना तळवा जमिनीपासून जितका वर थांबेल तितके त्या पोराचे वय. आपली मापेही पुष्कळशी हातांतूनच निघाली आहेत. बोटभर, चिमूटभर, मूठभर, पसाभर, ओंजळभर, वीतभर, हातभर, कवळभर. दुकानात किलो आणि ग्रॅम आले, पण स्वयंपाकघरात आजही सून सासूला विचारते, “मीठ किती घालू?” आणि सासू बोलत नाही, तीन बोटे जुळवून दाखवते.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास गेल्या काही दशकांत बराच झाला आहे. शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्नील यांनी १९९२ साली ‘हँड अँड माइंड’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. लोकांना एक व्यंगचित्रपट दाखवायचा, मग त्याची गोष्ट दुसऱ्याला सांगायला लावायची आणि सांगताना त्यांचे हात काय करतात ते चित्रित करून क्षणाक्षणाने तपासायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यांना असे आढळले, की हाताची मुख्य हालचाल आणि तिच्याशी जुळणारा शब्द बहुधा एकाच क्षणी येतात. हात कधी किंचित आधी येतो, पण शब्द उच्चारून झाल्यावर मागाहून येणे विरळा. म्हणजे आधी वाक्य तयार होते आणि नंतर हात त्याला नटवतो, असे नाही. दोन्ही एकाच विचारातून एकदम उगवतात.

याला पुष्टी देणारे एक निरीक्षण फार बोलके आहे. १९९८ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मांध मुलांना बोलते केले गेले. ज्यांनी आयुष्यात कधी कोणाचे हातवारे पाहिले नव्हते ती मुलेही बोलताना हात हलवीत होती, आणि समोरचा श्रोताही अंध आहे हे ठाऊक असतानाही हलवीत होती. आपल्या आडतीतला माणूस फोनवर भाव सांगताना मोकळ्या हाताने हवेत तराजू तोलतो, ते पाहून आपण हसतो. त्यात हसण्यासारखे काही नाही. तो हात जितका ऐकणाऱ्यासाठी तितकाच बोलणाऱ्यासाठीही असतो.

आता थोडे दूरच्या देशात जाऊ. जपानमध्ये ‘राकुगो’ नावाची कथाकथनाची शतकांची परंपरा आहे. एकच कथेकरी चौथऱ्यावर उशीवर गुडघे मुडपून बसतो आणि गोष्ट संपेपर्यंत उठत नाही. त्याच्याजवळ साहित्य दोनच: एक घडीचा पंखा आणि एक सुती रुमाल. मिटलेला पंखा कधी जेवणाच्या काड्या होतो, कधी लेखणी, कधी तलवार. रुमाल कधी पैशांची पिशवी होतो, कधी पत्र. दोन पात्रांचा संवाद असला की कथेकरी मान किंचित उजवीकडे वळवून एकाचे बोलणे बोलतो आणि डावीकडे वळवून दुसऱ्याचे. एवढ्या अल्प सामग्रीवर तो अख्खी बाजारपेठ उभी करतो.

या परंपरेतील ‘तोकी सोबा’ ही विनोदी कथा तर व्यापारी घरांनी ऐकावीच अशी आहे. रात्री फिरता विक्रेता कुट्टूच्या पिठाच्या शेवया विकत असतो. एक गिऱ्हाईक येते, विक्रेत्याची तोंडभर स्तुती करते आणि पंख्याच्या काड्यांनी शेवया सुर्र सुर्र ओढून खाते. किंमत सोळा नाणी. गिऱ्हाईक म्हणते, “सुटी नाणी आहेत, हात पुढे कर, मोजून देतो.” एक, दोन, तीन करीत आठ नाणी विक्रेत्याच्या तळहातावर पडतात. इतक्यात ते विचारते, “काय रे, वाजले किती?” विक्रेता सांगतो, “नऊ.” गिऱ्हाईक लगेच पुढे मोजते, दहा, अकरा, बारा, आणि सोळाशी थांबून चालते होते. तळहातावर नाणी पंधराच पडली.

ही लबाडी पाहणारा एक भोळसट दुसऱ्या रात्री तोच डाव खेळायला जातो, पण उतावळेपणाने लवकर जातो. जपानमधील जुन्या कालगणनेत प्रहरांचे आकडे नवापासून चारापर्यंत उतरत जात. मध्यरात्रीचा प्रहर ‘नऊ’, तर त्याच्या आधीचा ‘चार’. हा आठ नाणी मोजून वेळ विचारतो, विक्रेता म्हणतो “चार”, आणि हा बिचारा पाच, सहा, सात असे मोजत सोळापर्यंत जातो. सोळाच्या जागी वीस नाणी देऊन बसतो!

श्रोते हसतात, पण क्षणभर थांबून पाहिले तर या कथेचे सारे मर्म आपल्या विषयातच आहे. जीभ एक आकडा बोलते आणि हात दुसरा आकडा टाकतो. विक्रेता कानावर विसंबला, तळहाताकडे त्याने पाहिले नाही. कथेकऱ्याचे कौशल्य असे, की तो हवेत एकेक नाणे ठेवताना प्रेक्षकांना हात आणि जीभ यांतली ती फट दिसते, पात्राला मात्र दिसत नाही.

हा झाला शिकून कमावलेला अभिनय. सामान्य जपानी माणसाच्या साध्या बोलण्यातील हातांचाही अभ्यास झाला आहे. सोतारो किता आणि आस्ली ओझ्युरेक या दोघा अभ्यासकांनी २००३ साली एक तुलना प्रसिद्ध केली. एकच व्यंगचित्रपट पाहून जपानी, तुर्की आणि इंग्रजी भाषकांनी गोष्ट सांगितली. त्यात मांजर पोटात चेंडू गेल्यामुळे रस्त्यावरून गडगडत खाली जाते. इंग्रजीत हे एकाच क्रियेत बसते, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्यांचा हात बहुधा गोल फिरता फिरताच खाली उतरला. जपानी आणि तुर्की भाषांत ‘गडगडणे’ आणि ‘उतरणे’ यांसाठी वेगळे क्रियाशब्द लागतात. तेथे लोकांचे हातही अनेकदा आधी गोल फिरले, मग वेगळे खाली उतरले. आपल्या मराठीतही ‘घरंगळत’ आणि ‘खाली आला’ असे दोन तुकडे पडतातच. घरी मुलांना जिन्यावरून लाडू घरंगळल्याची गोष्ट सांगायला लावा आणि त्यांचे हात पाहा, करमणूकही होईल.

याच अभ्यासातील दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. चित्रपटात मांजर डावीकडून गेले की उजवीकडून, हे सांगणाऱ्यांनी शब्दांत सांगितले नाही. तरीही त्यांच्या हातांनी ती बाजू बरोबर दाखवली. जिभेने जे गाळले ते हाताने राखले.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपून उत्तररंगातील आख्यान सुरू झाले, की एकटे बुवा उभ्याउभ्या सगळी पात्रे होतात. खांद्यावरचे उपरणे क्षणात पदर होते आणि क्षणात झोळी. तुळजाभवानीच्या गोंधळात संबळाच्या तालावर मुख्य गोंधळी आख्यान लावतो आणि साथीदार मध्येच प्रश्न विचारून, ‘जी जी’ म्हणून ते पुढे ढकलतो. साध्या घरगुती गोष्टीतही श्रोत्याने हुंकार द्यावा लागतो, हुंकार थांबला की आजी विचारते, “झोपलास का रे?” जपानी लोकांतही बोलणाऱ्याला सतत असा हुंकार देण्याची रीत आहे. तिला ते ‘आइझुची’ म्हणतात. लोहाराच्या ऐरणीवर मुख्य कारागिराच्या घावानंतर जोडीदाराने आळीपाळीने घालायचा जो घाव, त्यावरून हा शब्द आला. गोष्ट एकट्याने घडत नाही, हे दोन्हीकडच्या जुन्या माणसांनी ओळखले होते.

आणि हाताच्या भाषेबद्दल बोलताना आपल्या व्यापारी समाजाने ‘हत्ता’ विसरून कसे चालेल? धान्याचा वा जनावरांचा सौदा उपरण्याखाली किंवा रुमालाखाली हात घालून बोटे दाबून होत असे. किती बोटे धरली यावरून आकडा. तो दहाचा, शेकड्याचा की हजाराचा, हे मालावरून समजे. वर तोंडाने पाऊसपाण्याच्या आणि सोयरिकीच्या गप्पा चालत आणि खाली हात भाव ठरवीत. यात माल आणणाऱ्या शेतकऱ्याला काहीच दिसत नसे, आणि म्हणूनच नियंत्रित बाजारपेठांत उघड लिलावाचा आग्रह धरला गेला. तो योग्यच होता, हे व्यापाऱ्याच्या घरात जन्मूनही मला प्रांजळपणे म्हणावेसे वाटते. पुढे गुरांच्या बाजारात मात्र रुमालाखालचे बोट टिकून राहिले.

परंतु हत्त्याचा हात आणि गोष्ट सांगणाऱ्याचा हात यांत मोठे अंतर आहे. हत्त्याची खूण ठरलेली असते. तिला जिभेची गरज नाही, किंबहुना जीभ तिच्यापासून दूर ठेवावी लागते. नृत्यातील मुद्रा गुरूकडून शिकाव्या लागतात. गोष्ट सांगताना मात्र हात जे करतो ते कोणी शिकवलेले नसते, त्याचा कोश नसतो. ते त्या क्षणी, त्या शब्दाबरोबर जन्माला येते आणि विरून जाते. त्यामुळेच ते बनवता येणे कठीण, आणि त्यामुळेच ते मौल्यवान.

आता पुन्हा मामांकडे येते.

गेल्या श्रावणात मामा औषधोपचारासाठी काही दिवस लातूरला आमच्याकडे होते. या खेपेला भाच्याने मोबाइल दूर तिपाईवर उभा केला, मामांचे डोके ते गुडघे सारे चौकटीत येईल असा. मामांनी तीच हकीकत सांगितली, जवळजवळ त्याच शब्दांत. “भिंत अशी आली बघ.” पण त्यांचा हात पाहून मी चपापले. किल्लारीत सांगताना त्यांनी हात पाठीमागून, खांद्यावरून पुढे आणला होता. ते मला स्पष्ट आठवत होते. आता तोच हात डावीकडून उजवीकडे सरकला. मला वाटले, वयोमानाने तपशील हलू लागले.

संध्याकाळी दिवाणखान्यात ऊन तिरपे आले तेव्हा उलगडा झाला. किल्लारीत मामा ओसरीवर उगवतीकडे तोंड करून बसले होते. आमच्याकडे ते उत्तरेला तोंड करून बसले होते. जुन्या घराची मावळतीची भिंत आत कोसळली होती, आणि मामांचा हात दोन्ही वेळा मावळतीकडूनच उगवतीकडे आला होता. घर राहिले नाही, गाव दुसरीकडे गेले, तरी दिशा त्यांच्या अंगात शाबूत होत्या.

असेच एक उदाहरण ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या अभ्यासात नोंदलेले आहे. तेथील गूगू यिमिथिर भाषेत डावे-उजवे म्हणण्याऐवजी पूर्व-पश्चिम अशा दिशांनीच बोलतात. एका वृद्धाने नाव उलटल्याची आपली हकीकत सुमारे दोन वर्षांच्या अंतराने दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळा त्याचे तोंड वेगळ्या दिशेला होते. तरी नाव उलटल्याची खूण त्याच्या हातांनी दोन्ही वेळा खऱ्या दिशेनेच केली. आपल्या मराठवाड्यातही ‘उगवतीचं रान’, ‘मावळतीची खोली’ असे बोलणारी पिढी अजून आहे. एका माणसाच्या दोन कथनांवरून नियम काढण्याचा मोह मी करणार नाही. पण मामांचा तो हात मी विसरूही शकणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगून थांबते. पहिल्या मुद्रणात, भिंत पडल्यानंतर काही क्षणांची शांतता आहे. ऐकताना आम्हाला वाटले होते, की मामांना धागा सापडत नसावा. आणि भाचा तर तेवढा तुकडा कापून टाकणार होता. दुसऱ्या वेळी त्याच जागी मामा पुन्हा थांबले. पण चित्रात त्यांचा उजवा तळवा दिसतो. तो खाली पालथा होतो, गुडघ्याच्या थोडा वर हवेत स्थिरावतो आणि दोनदा हळूच थोपटल्यासारखा हलतो. मग मामा पुढचे सांगू लागतात.

त्या पहाटे त्यांची धाकटी लेक गेली. तिचे नाव मामा तीस वर्षांत कोणापुढे उच्चारत नाहीत. नातवंडांना तर ती होती एवढेही ठाऊक नव्हते. आम्ही ज्याला रिकामी जागा समजलो होतो ती रिकामी नव्हती. भाच्याने चित्र पुन्हा पाहिले, मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाला, “बरं झालं, ते कापलं नाही.”

तेव्हा वाचकहो, विनंती एवढीच. आपापल्या घरी भूकंप पाहिलेले, रझाकारांचा काळ ऐकून असलेले, बैलगाडीने बाजार करणारे कोणी वडीलधारे असतील, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा. मोबाइल थोडा दूर ठेवा. केवळ चेहरा नव्हे, दोन्ही हात चौकटीत येऊ द्या. हातांत चहाचा कप वा अडकित्ता देऊन ते अडकवून ठेवू नका. ते कोणत्या दिशेला तोंड करून बसले आहेत, तेही नोंदवून ठेवा. मध्ये थांबले तर घाई करू नका, शब्द सुचवू नका. नुसता हुंकार द्या. आणि मुद्रण पाहताना शांततेचे तुकडे कापण्यापूर्वी एकदा त्यांच्या हातांकडे पाहून घ्या.